शिक्षेच्या आधीची शिस्त

(आमगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजकीय पक्षात 'शिस्त' हा शब्द बहुधा कोणाला तरी काढून टाकण्याच्या वेळीच ऐकू येतो. एरवी बैठका वेळेवर होत नाहीत, जमाखर्च वाचला जात नाही, ठराव कोणता झाला व त्याचे पुढे काय झाले याची नोंद राहत नाही, आणि त्याची कोणाला फारशी खंतही वाटत नाही. मग एके दिवशी एखादा कार्यकर्ता जाहीर सभेत वेगळा सूर लावतो किंवा पत्रक काढतो, आणि लगेच 'शिस्तभंगाची कारवाई' हे शब्द उच्चारले जातात. कारणे दाखवा नोटीस, निलंबन, हकालपट्टी हीच जणू शिस्तीची भाषा होऊन बसली आहे. शिस्त म्हणजे शिक्षा हे समीकरण इतके अंगवळणी पडले आहे की, शिक्षेची वेळ येणे हे मुळात शिस्तीचे अपयश आहे, ही साधी गोष्ट विसरली जाते.

प्रथम स्वयंसेवकाचे अर्थशास्त्र ध्यानात घेतले पाहिजे. सरकारजवळ तुरुंग असतो. कारखानदाराजवळ पगार कापण्याची सत्ता असते. स्वेच्छेने चालणाऱ्या संघटनेजवळ यांतले काहीच नसते. कार्यकर्ता स्वतःच्या खिशातून भाडे भरून सभेला येतो आणि रोवणीच्या दिवसांतही एखादा दिवस मोर्चासाठी काढतो. त्याला मिळणारा मोबदला दोनच प्रकारचा असतो. काम योग्य आहे ही खात्री हा एक, आणि सहकाऱ्यांमधला मान हा दुसरा. शिक्षेने या दोहोंवर घाव बसतो, आणि त्यानंतर त्याने संघटनेत राहावे असे कोणतेही कारण उरत नाही. म्हणजे शिक्षा देण्याचा खर्च अपराध्यापेक्षा संघटनेलाच अधिक पडतो.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका छोटेखानी ग्रंथात हा प्रश्न फार मार्मिकपणे मांडला. संस्थेची अवनती होऊ लागली की असंतुष्ट सभासदापुढे दोन मार्ग असतात. एक बाहेर पडण्याचा आणि दुसरा आवाज उठविण्याचा. निष्ठा असेल तर तो काही काळ आत राहून बोलत राहतो. परंतु बोलण्याची वाट बंद झाली, तर बाहेरची वाट मोकळीच असते. हर्शमन यांचे याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की, संस्थेच्या गुणवत्तेची ज्यांना सर्वांत अधिक चाड असते तेच बहुधा आधी बाहेर पडतात. मागे राहतात ते गप्प बसणारे. नेतृत्वाला वाटते, शिस्त प्रस्थापित झाली. प्रत्यक्षात प्रस्थापित झालेली असते ती शांतता.

समाजवादी चळवळीला हा धडा पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. तिच्या स्वतःच्या इतिहासात तो लिहिलेला आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा याच परिसरातून जातो. आमगावचा हा भाग १९५४ साली भंडारा जिल्ह्यात होता, आणि भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या वर्षी भंडारा लोकसभा मतदारसंघात जी पोटनिवडणूक झाली तिची आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पराभवामुळे महाराष्ट्राला आजही आहे. त्याच पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवरून प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. सप्टेंबर १९५२ मध्ये समाजवादी पक्ष आणि किसान मजदूर प्रजा पक्ष यांच्या विलीनीकरणातून जन्मलेला तो पक्ष अवघा दीड-पावणेदोन वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी त्याच्यावर शिस्तीची पहिली मोठी परीक्षा आली.

मार्च १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिळ्ळै यांच्या नेतृत्वाखाली प्रजासमाजवादी पक्षाचे अल्पमतातील सरकार काँग्रेसच्या पाठिंब्यावर अधिकारावर आले. ऑगस्टमध्ये दक्षिणेकडील तमिळभाषक तालुक्यांत, मद्रास राज्यात सामील होण्याच्या मागणीसाठी चाललेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. डॉ. राममनोहर लोहिया तेव्हा पक्षाचे सरचिटणीस होते, आणि उत्तर प्रदेशातील वाढीव कालवा-पट्टीविरुद्धच्या सत्याग्रहामुळे नैनीच्या तुरुंगात होते. तेथून त्यांनी मागणी केली की, या सरकारने राजीनामा द्यावा. स्वतंत्र भारतात समाजवादी सरकारने तरी निःशस्त्र जनतेवर गोळी चालवू नये, ही त्यांची भूमिका होती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, आधी चौकशी व्हावी, आणि विधिमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाला पक्षाने असा आदेश द्यावा काय, याचा विचार व्हावा. नोव्हेंबर १९५४ मध्ये पक्षाचे विशेष अधिवेशन येथून जवळच, नागपूरला भरले. त्यात राजीनाम्याची मागणी बहुमताने फेटाळली गेली. पुढे फेब्रुवारी १९५५ मध्ये ते सरकार विधानसभेतच पडले.

सरकार गेले, पण वाद राहिला. जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसने अवाडी येथे समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला आणि काँग्रेसशी कसे वागावे हा जुना प्रश्न पुन्हा उफाळला. जून १९५३ च्या बैतूल येथील अधिवेशनातही त्यावर खडाजंगी झाली होती, आणि तो पुरता सुटला नव्हता. मधू लिमये यांनी नेतृत्वाच्या धोरणावर जाहीर टीका केली. मुंबईच्या शाखेने त्यांना निलंबित केले. उत्तर प्रदेशातील समाजवाद्यांनी लिमये यांना आपल्या व्यासपीठावर बोलाविले, लोहियांनी त्यांची बाजू घेतली, आणि पक्षश्रेष्ठींची कारवाई मग उत्तर प्रदेश शाखेपर्यंत व अखेर खुद्द लोहियांपर्यंत येऊन पोहोचली. १९५५ चे वर्ष संपता संपता हैदराबादला लोहियांच्या नेतृत्वाखाली वेगळा समाजवादी पक्ष उभा राहिला. एका निलंबनातून दुसरे निघाले, दुसऱ्यातून तिसरे, आणि शेवटी एका पक्षाचे दोन झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९५६ मध्ये, आचार्य नरेंद्र देव कालवश झाले. दोन्ही बाजूंना वडीलकीच्या अधिकाराने बोलावून घेऊ शकेल असा माणूसही उरला नाही.

या प्रकरणात खलनायक शोधण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती, तुरुंगवास सोसलेली होती. पक्षाने आपली घटना वापरली, बहुमताने निर्णय घेतले, नियमाप्रमाणे कारवाया केल्या. तरीही परिणाम विनाशकारी झाला, कारण ज्या प्रश्नावर शिक्षा दिल्या गेल्या त्या प्रश्नाचा नियमच आधी ठरलेला नव्हता. अल्पमतात असताना, दुसऱ्या पक्षाच्या टेकूवर, सत्ता घ्यावी काय? आपल्या सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला तर मंत्रिमंडळाने चोवीस तासांत काय करावे? पक्ष आणि त्याचे मंत्री यांच्यात अंतिम शब्द कोणाचा? सरचिटणीसाने आपले मत कोठे मांडावे, आणि तेथे ऐकून घेतले गेले नाही तर मग कोठे? या चार प्रश्नांची उत्तरे मार्च १९५४ पूर्वी लिहून ठेवली असती, तर ऑगस्टमध्ये मतभेद झाला असता, पण तो नियमाच्या अर्थाविषयी झाला असता. नियम नव्हता म्हणून तो माणसांविषयी झाला. माणसांविषयीचे वाद मतदानाने मिटत नाहीत.

इतिहासाचा आणखी एक विपर्यास येथे नोंदविला पाहिजे. काँग्रेसशी सहकार्याच्या धोरणाचे जे प्रमुख पुरस्कर्ते होते, त्या अशोक मेहतांनाही १९६४ मध्ये पक्षाबाहेर जावे लागले. नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. भंडाऱ्याच्या मतदारांनी ज्यांना संसदेत धाडले तेही आणि ज्यांनी त्यांच्या धोरणाला विरोध केला तेही, दोघेही एकाच पक्षाच्या शिक्षेच्या वहीत चढले. तलवार एकदा म्यानातून काढली की ती डावे-उजवे पाहत नाही.

आता याच्या उलट उदाहरणे पाहू. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे जाळले तेव्हा गांधीजींनी सामुदायिक सत्याग्रहच स्थगित केला. अनेक सहकारी नाराज झाले. परंतु गांधीजींनी त्या अनुभवावरून जी दुरुस्ती केली ती १९३० मध्ये दिसते. मिठाच्या सत्याग्रहापूर्वी, फेब्रुवारी १९३० मध्येच, सत्याग्रहीने कसे वागावे याचे नियम त्यांनी प्रसिद्ध केले. तुरुंगात कसे राहावे, शिवीला काय उत्तर द्यावे, मालमत्तेची जप्ती आली तर काय करावे, हे सारे घटना घडण्याआधी सांगून ठेवले. दांडीला पहिल्या तुकडीत नेलेली अठ्ठ्याहत्तर माणसे आश्रमाच्या दिनचर्येत तयार झालेली होती. चुकणाऱ्याला काय करायचे हा प्रश्न त्यांनी शेवटी ठेवला. न चुकणारी माणसे कशी घडवायची, हा आधी सोडविला.

महाराष्ट्रातील उदाहरण प्रतापगडचे आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान नेहरू छत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी गडावर येणार होते, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीने वाटेवर निदर्शने करण्याचे ठरविले. मुंबईतील गोळीबारांच्या जखमा ताज्या होत्या. समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, आंबेडकरांचे अनुयायी असे अनेक प्रवाह होते. त्यामुळे त्या हजारोंच्या जमावातील कोणाही एकावर शिस्तभंगाची कारवाई करण्याची ताकद समितीजवळ व्यवहारतः नव्हती. शिक्षेचा मार्ग मुळातच बंद होता, आणि म्हणूनच दुसऱ्या मार्गावर सारी मेहनत करावी लागली. एस. एम. जोशी आणि त्यांचे सहकारी लोकांमध्ये राहिले. आपण काय करणार आणि काय करणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. पसरणी घाटाच्या त्या रस्त्यावर निदर्शने झाली, आणि ती शांततेत पार पडली. त्यामागे एका दिवसाचा आदेश नव्हता. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत, शिबिरांत आणि कलापथकांत जी पिढी एकत्र खेळली, गायली आणि वाद घालीत वाढली, तिची पुण्याई त्यात होती.

ज्यांना ही उदाहरणे फार थोरामोठ्यांची वाटत असतील त्यांनी या जिल्ह्यातील मामा तलावांकडे पाहावे. मालगुजारीच्या काळातील या तलावांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या भिजत. पाणी तुटपुंजे, गरज सर्वांची एकाच वेळी, आणि वरच्या बांधीवाल्याला खालच्याचे पाणी अडविणे सहज शक्य. भांडणाची सर्व सामग्री तेथे होती. त्यावर गावाने पाणकराची व्यवस्था काढली. पाणी कोणाला कधी व किती सोडायचे ते पाणकर पाहत असे आणि त्याचा मोबदला गावातील शेतकरीच देत. पाणी चोरणाऱ्याला पकडण्याआधी पाणी चोरण्याची गरजच पडू नये अशी ती योजना होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण तलाव सरकारच्या ताब्यात गेले आणि गावाची ही व्यवस्था अनेक ठिकाणी ढासळली, ही हानी मात्र जमाखर्चात कोणी मांडली नाही.

२००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील अशाच सामायिक व्यवस्थांचा अभ्यास करून १९९० साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. ज्या व्यवस्था शतकानुशतके टिकल्या त्यांत काही गोष्टी समान आढळल्या. ज्यांना नियम पाळायचे त्यांचा नियम करण्यात हात होता. देखरेख करणारा त्यांनाच जबाबदार होता. पहिल्या चुकीला दंड अगदी किरकोळ होता आणि तो पायरीपायरीने वाढत असे. तंटा सोडविण्याची जागा जवळ आणि स्वस्त होती. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे कालव्याच्या पाण्याचे तंटे ऐकणारे शेतकऱ्यांचे न्यायमंडळ दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी बसते. ना वकील, ना लांबलचक कागदपत्रे. आठ दिवसांत आपले म्हणणे ऐकले जाणार हे ठाऊक असलेला शेतकरी फावडे उगारत नाही.

ही दृष्टी आजच्या नव्या स्वयंसेवी कामांतही आढळते. कोणीही लिहावा आणि कोणीही सुधारावा असा विकिपीडिया हा ज्ञानकोश २००१ मध्ये इंग्रजीत आणि २००३ मध्ये मराठीत सुरू झाला. त्याचे लेखक एकमेकांचे तोंडही न पाहिलेले स्वयंसेवक असतात. इंग्रजी विकिपीडियाच्या धोरणात स्पष्ट म्हटले आहे की, एखाद्याला लिहिण्यास मज्जाव करणे हा पुढील हानी टाळण्याचा उपाय आहे, मागील चुकीची शिक्षा नव्हे. दोन लेखकांत जुंपली तर पुष्कळदा कोणालाही न काढता तो लेखच काही दिवस कुलूपबंद केला जातो आणि चर्चेचे पान उघडे ठेवले जाते. माणसाला न थांबविता भांडण थांबवायचे, असा त्याचा अर्थ. कार्यकर्त्यांच्या मोबाईलवरील गटांत मात्र आज नेमके उलटे चालते. प्रश्न विचारणाऱ्याला एका बोटाच्या स्पर्शाने बाहेर काढता येते. ना नोटीस, ना सुनावणी. नैनीच्या तुरुंगातून मत कळविणाऱ्या सरचिटणीसाच्या वाट्याला निदान एक अधिवेशन तरी आले होते.

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोहोंत तथ्य आहे. पहिला असा की, प्रतिबंधाच्या नावाखाली मुस्कटदाबी होईल. ही भीती खरी आहे. राज्यसंस्थेने प्रतिबंधक स्थानबद्धता कशी वापरली हे १९७५ ते १९७७ या काळात समाजवाद्यांनी 'मिसा'खाली स्वतः अनुभवले आहे. म्हणून सीमारेषा स्पष्ट हवी. हानी करणाऱ्या कृतीला प्रतिबंध असू शकतो, मताला असू शकत नाही. मतभेद व्यक्त होण्याची वाट रुंद करणे हाच मतभेदाच्या स्फोटावरील प्रतिबंध होय. राज्य शासनाने २००७ मध्ये सुरू केलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचा हेतू चांगला होता. परंतु मिटलेल्या तंट्यांच्या आकड्यावर बक्षीस ठरू लागले की तंटा सोडविण्यापेक्षा तो दडपण्याचा मोह होतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, समजुतीच्या भाषेआड गंभीर अपराध दडतील. निधीचा अपहार, सहकारी स्त्रीशी गैरवर्तन, जातीवरून अपमान, या बाबतीत 'घरातले घरात मिटवा' असे म्हणणे म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावर दुसरा अन्याय करणे होय. येथे चौकशी आणि शिक्षा अपरिहार्य आहे, आणि कायद्याची वाट अडविण्याचा कोणत्याही पक्षाला अधिकार नाही. तथापि १९८९ चा अनुसूचित जाती-जमातींसंबंधीचा कायदा स्वतःला अत्याचार प्रतिबंधक म्हणवितो, आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्याच्या नावातही प्रतिबंध हा शब्द निवारणाच्या आधी येतो. तक्रार समिती तक्रारीपूर्वी नेमायची असते. तक्रार आल्यावर नेमलेली समिती आरोपीच्या किंवा फिर्यादीच्या ओळखीवरून नेमली जाते, आणि तिच्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही.

मग तालुका शाखेने प्रत्यक्षात काय करावे? निधीच्या पावत्या छापील असाव्यात, पैसे दोघांनी मोजावेत आणि जमाखर्च दरमहा बैठकीत मोठ्याने वाचावा. ज्या शाखेत हिशेब वाचला जातो तेथे अपहाराची शंकाच मूळ धरीत नाही. दर बैठकीत तक्रारीसाठी ठरलेला वेळ असावा आणि आलेल्या तक्रारीचे उत्तर पुढील बैठकीत मिळालेच पाहिजे. दोघांत बिनसले तर तिसऱ्या, दोघांनाही मान्य असलेल्या माणसाने पहिल्याच महिन्यात त्यांच्याशी बोलावे. सहाव्या महिन्यात त्यांचे दोन गट झालेले असतात. कोणाला कामावरून दूर ठेवणे भाग पडले तर ते ठराविक मुदतीसाठी असावे, कारण लेखी द्यावे आणि परत येण्याची अट त्यातच सांगावी. आणि आरोप करणारा व निवाडा देणारा एकच असू नये. अध्यक्षांवर टीका झाली म्हणून अध्यक्षांनीच नोटीस काढणे हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

यातील कोणतीही गोष्ट वृत्तपत्राच्या मथळ्यात येणारी नाही. हकालपट्टीची बातमी होते, वेळेवर वाचलेल्या जमाखर्चाची होत नाही. म्हणूनच हे काम नेत्यांपेक्षा कार्यकर्त्यांनी हाती घेण्याचे आहे. आणि त्याची सुरुवात कोठून करावी हेही सांगता येते. स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक आली की पंचायत समितीच्या आणि जिल्हा परिषदेच्या उमेदवारीवरून शाखा फुटतात, हा सर्व पक्षांचा अनुभव आहे. इच्छुकांची नावे पुढे आली की कोणताही निकष कोणा एकाच्या अंगाबेतानेच कापलेला वाटतो. तेव्हा नावे पुढे येण्याआधी, कोणालाही तिकीट हवे आहे हे कोणी बोलण्याआधी, निकष लिहून काढा, तो सर्वांसमोर वाचा, त्यावर हवा तेवढा वाद घाला आणि मग तो वहीत नोंदवा. प्रजासमाजवादी पक्षाने मार्च १९५४ मध्ये जे केले नाही, ते आमगावच्या शाखेला पुढच्या मासिक बैठकीत करता येईल.